दार उतरलंय, पण कुठून?

वाचक विचारतात : जुन्या गाड्यांची दुरुस्ती

या खेपेच्या पत्रांत लटकलेल्या दारांचीच गर्दी आहे. गाड्या वेगवेगळ्या, पण तक्रार एकच : दार उघडलं की खाली बसतं आणि लावताना मुठीला धरून उचलावं लागतं. आणखी एक गोष्ट जवळजवळ सगळ्या पत्रांत सारखी आहे. बहुतेकांनी आधी स्ट्रायकर, म्हणजे दारामागच्या खांबावरची ती लॉकची खुंटी, सैल करून खाली घेतली आहे आणि मग आम्हाला लिहिलं आहे. क्रम नेमका उलटा हवा होता. स्ट्रायकरची जुळवणी सगळ्यात शेवटी.

प्रश्न : जुन्या चारदारी गाडीचं ड्रायव्हरकडचं दार उघडल्यावर मागच्या कडेला सुमारे ६ मिमी खाली येतं. स्ट्रायकर खाली घेतला की चार महिने बरं चालतं, मग पुन्हा तेच. बिजागऱ्या बदलाव्या लागतील का?

सहसा नाही. बिजागरीची दोन पाती असतात, एक दारापुढच्या खांबाला आणि एक दाराला, आणि ती गाडीइतकीच टिकतात. झिजते ती त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवतीचा पितळी बुश, म्हणजे छोटी नळी. ड्रायव्हरचं दार सगळ्यात आधी लटकतं, कारण ते सगळ्यात जास्त उघडतं आणि उतरताना माणूस त्यावरच हाताचा भार टाकतो. पण पिनच झिजली असं धरून लगेच ठोकाठोकी सुरू करू नका. लटकण्याची कारणं चार आहेत आणि प्रत्येकाचं औषध निराळं आहे.

आधी स्ट्रायकरच्या कडेने पेन्सिलीने रेघ मारा आणि तो पूर्ण काढून ठेवा. दार हलकेच ढकलून बंद करा. लॉकला धरायला आता काही नाही, त्यामुळे दार जिथे खरोखर लोंबतं तिथेच राहील. बाहेरून फटी पाहा. लटकलेल्या दाराची खूण ठरलेली असते : मडगार्ड आणि दार यांच्यातली फट वर रुंद, खाली अरुंद, मागच्या बाजूला वरच्या कोपऱ्यात फट आवळलेली, खालच्या फटीत मागचा कोपरा टेकायला आलेला, आणि दाराच्या अंगावरची रेघ मागच्या दाराच्या रेघेखाली गेलेली. फटी मोजायला खास गेज लागत नाही. ३, ४ आणि ५ मिमीच्या ड्रिलचे गुळगुळीत दांडे फटीत सरकवून पाहा आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. पुढे हेच आकडे कामाला येतात.

दार तिरकं न होता सरळच खाली आलं असेल, तर ते लटकणं नव्हे. बिजागरीचे बोल्ट खाली सरकले असतील किंवा ज्या कॉलरवर दाराचं वजन बसतं ती बुशची कॉलर, म्हणजे टोकाचं रुंद कडं, झिजली असेल.

आता दार साधारण ४५ अंशांत उघडा. मागची कड खालून दोन्ही हातांनी धरा आणि दाराचं वजन हातावर येईल इतकंच उचला, सोडा, पुन्हा उचला. दुसऱ्या माणसाने टॉर्च लावून बिजागऱ्या पाहायच्या. माणूस नसेल तर एका हाताचं बोट पिन आणि पातं यांच्या सांध्यावर आडवं ठेवा. डोळ्याला न दिसणारी हालचाल बोटाला कळते. पिन आणि पातं एकमेकांत हलत असतील तर बुश गेला. पातं खांबावर सरकत असेल, त्याच्या कडेचा रंग तडकला असेल किंवा तांबूस रेघ उतरली असेल, तर बोल्ट सैल आहेत. पातं आणि बोल्ट घट्ट असूनही मागचा पत्रा श्वास घेतल्यासारखा आत-बाहेर होत असेल, तर खांबाला किंवा दाराच्या कडेला भेग आहे. आणि काहीच हलत नसताना दार खाली असेल, तर बिजागरी वाकली आहे किंवा गाडीचा सांगाडाच बसला आहे.

बिजागरीतला खेळ, म्हणजे सैलपणा, बघून "एवढ्याने काय होतंय" असं वाटतं. हिशेब करून पाहा. दोन बिजागऱ्यांमध्ये ४० सेंमी अंतर आणि दार १ मीटर लांब असेल, तर वरच्या बिजागरीतला १ मिमीचा खेळ मागच्या कडेला अडीच मिमी होऊन दिसतो. दाराच्या वजनाने वरची बिजागरी बाहेर ओढली जाते, खालची आत दाबली जाते. दोन्हींत एकेक मिमी खेळ असला की झाले ५ मिमी. तुमचे ६ मिमी याच हिशेबात बसतात, म्हणून आमचा संशय दोन्ही बिजागऱ्यांच्या बुशांवर आहे.

स्ट्रायकर खाली घेतल्यावर दार लागतं, कारण लॉक आणि खुंटी यांची गाठ पुन्हा पडते. पण बुशची झीज चालूच राहते. त्यात तुम्ही दार उचलून लावता तेव्हा लॉकचा जबडा खुंटीवर तिरका आदळतो आणि तोही झिजतो. आणखी वर्षभराने लॉकही बदलावं लागेल.

प्रश्न : तपासणीत दोन्ही पिना सैल निघाल्या. हे काम घरी होईल का? दार पूर्ण उतरवावं लागतं का?

होईल, पण दोन माणसं हवीत. काच आणि यंत्रणेसकट दार २५-३० किलोचं असतं, दोन-दारी गाडीचं लांब दार त्याहून जड. दार उतरवायचं की नाही ते पिनेपर्यंत हातोडी पोचते का यावर ठरतं. पिनेच्या वर-खाली ठोकायला जागा असेल तर एका वेळी एकच बिजागरी सोडवून जागेवर काम करा. दुसरी बिजागरी दाराची जागा धरून ठेवते आणि नंतरची जुळवाजुळव वाचते. मडगार्डच्या आत दडलेल्या बिजागऱ्यांना मात्र दार उतरवण्याशिवाय इलाज नाही.

सामान : एका दाराला २ पिना आणि सहसा ४ बुश, क्लिप असतील तर त्या नव्या, पिनेपेक्षा किंचित बारीक पंच, साधारण १ किलोचा हातोडा, गंज सोडवणारा स्प्रे, ट्रॉली जॅक, फळी आणि जुनी चादर. आदल्या रात्री पिनांवर स्प्रे मारून ठेवा. सकाळी पुन्हा मारा.

दाराकडे वायरी जात असतील तर बॅटरीचं ऋण टोक आधी काढा. खांब आणि दार यांच्यामधला पट्टा, ज्याला डोअर चेक म्हणतात, तो सोडवा. तो जागेवर राहिला तर दार हवं तसं हलणार नाही. पट्टा सोडल्यावर दाराला अडवणारं काही उरत नाही आणि ते मडगार्डवर आदळू शकतं. म्हणून मडगार्डच्या कडेला जाड कापड चिकटवा. काही गाड्यांत बिजागरीतच ताणलेली स्प्रिंग असते. ती आवळायच्या हत्याराशिवाय काढू नका, आणि काढताना चष्मा घाला, वरून कापड गुंडाळा. सुटलेली स्प्रिंग थेट तोंडावर येते.

जॅकवर फळी आणि फळीवर चादर ठेवून दाराखाली साधारण मध्यावर टेका द्या. जॅक दार उचलण्यासाठी नाही, फक्त वजन पेलण्यासाठी. टेका बरोबर बसल्याची खूण सोपी आहे : पिनेवरचा ताण सुटतो आणि ती बोटांनी किंचित फिरवता येते. टेका कमी पडला तर पिन आवळलेली राहते. मग माणूस जोराने ठोकतो, पिनेचं डोकं पसरतं आणि ती बुशमध्ये कायमची अडकते.

ठोकण्याआधी पिन नीट पाहा. बहुतेक पिनांच्या एका टोकाजवळ बारीक उभे दाते असतात आणि तेच टोक एका पात्यात घट्ट बसलेलं असतं. दात्यांच्या उलट टोकाकडून ठोकायचं. वरची पिन खालून आणि खालची वरून घातलेली असणं नेहमीचंच आहे, त्यामुळे दोन्हींची दिशा एकच असेल असं धरू नका. पिन निघत नसेल तर मधोमध करवतीने कापून दोन तुकड्यांत काढा. गॅसची ज्योत टाळा. शेजारीच वायरी, रबर आणि सांध्यातलं सीलंट असतं, आणि रंग तर जातोच.

जुने बुश पंचाने बाहेर काढा. भोकं साफ करून त्यांत नवा बुश हाताने धरून पाहा. तो हाताने आत सरकला, तर भोक मोठं झालं आहे. त्याबद्दल पुढच्या उत्तरात. नवा बुश हातोडीने ठोकू नका, पितळ मऊ असतं आणि कड आत वळते. एक लांब बोल्ट, नट आणि दोन जाड वॉशर घ्या, त्यांच्यामध्ये बुश आणि पातं धरा आणि पान्याने आवळत न्या. बुशची कॉलर दोन पाती एकमेकांवर घासतात त्या बाजूला आली पाहिजे. ती उलटी बसली तर लोखंडावर लोखंड घासतं आणि वर्षभरात दार सरळ खाली यायला लागतं.

दाबून बसवल्यावर बुशचं आतलं भोक जरा आवळतं. पिन त्यात अंगठ्याने दाबून जायला हवी; लडबडत जाता कामा नये. जात नसेल तर रीमर, म्हणजे भोक अचूक मापाला आणायचं हत्यार, फिरवा. ड्रिलने भोक त्रिकोणी होतं, आणि पिन पॉलिशपेपरने घासून बारीक करणं म्हणजे नवा खेळ विकत घेणं. बुश तेल मुरवलेल्या सच्छिद्र ब्राँझचा असेल तर तो पेट्रोलने किंवा थिनरने धुऊ नका, मुरलेलं तेल निघून जातं. बसवण्याआधी तासभर इंजिन ऑइलमध्ये ठेवला तर उत्तम.

पिनेला ग्रीस लावून ठोकत न्या. दात्यांचा भाग शेवटी बसतो. एक बिजागरी झाली की दुसरी. वरच्या एकाच बिजागरीची पिन बदलायचा मोह होतो, कारण खेळ तिथे जास्त दिसतो. पण दार सोडवायचं आहेच, तर दोन्ही करा. दोन बुशांचं सामान वाचवून तेच काम पुन्हा करण्यात अर्थ नाही. शेवटी स्ट्रायकर न लावता आधीच्याच पद्धतीने दार उचलून पाहा. हाताला जाणवेल असा खेळ राहिला नसेल तर पुढे जा.

प्रश्न : या गाडीच्या पिना मिळत नाहीत. त्याच जाडीचा बोल्ट घातला तर चालेल का? शिवाय पात्यातलं भोक लांबट झालं आहे.

बोल्ट तात्पुरता चालेल, पण कुठलाही नाही. आटे बुशमध्ये किंवा पात्यात येता कामा नयेत; आटे म्हणजे कानसच, महिन्याभरात भोक कुरतडून टाकतात. ज्याचा गुळगुळीत दांडा बिजागरीच्या पूर्ण उंचीइतका आहे असा ८.८ या मजबुतीच्या दर्जाचा बोल्ट घ्या, आटे पूर्ण बाहेर राहू द्या आणि नायलॉनचं कडं असलेला नट लावा. नट आवळायचा नाही, पाती मोकळी फिरतील इतकाच ठेवायचा. साधा नट लावलात तर तो दाराच्या उघडझापीने सुटतो किंवा आवळत जातो.

त्याहून चांगला उपाय म्हणजे कडक केलेली, घासून तयार केलेली डॉवेल पिन. ती जाडीला अचूक असते. तिला डोकं नसल्यामुळे दोन्ही टोकांना अडकण हवी : लेथवर खाच पाडून क्लिप लावा किंवा घट्ट बसणाऱ्या पात्याच्या बाजूला आडवं भोक पाडून फाट्याची पिन घाला. खाच पाडणाऱ्याला आधीच सांगा की पिन कडक आहे, साधं हत्यार तिच्यावर चालत नाही.

लांबट भोकाला नुसता नवा बुश म्हणजे सैल चप्पल. बिजागरी उतरवा, भोक पुढच्या मापापर्यंत मोठं करा आणि जाड भिंतीचा बुश बसवा. उदाहरणार्थ, ८ मिमीची पिन आणि १० मिमी बाहेरचा बुश असेल तर भोक ११ किंवा १२ मिमी करून तेवढाच बुश वळवून घ्या. वरचं आणि खालचं भोक एकाच फेरीत, एकाच रेषेत रीम झालं पाहिजे. वेगवेगळं केलं तर पिन तिरकी बसते आणि दार उघडताना एका जागी जड, एका जागी हलकं लागतं. भोक वेल्डिंगने भरून पुन्हा पाडतात, तेही चालतं. मात्र बिडाची बिजागरी असेल तर साध्या वेल्डिंगने ती तडकते. तिथे मोठा बुशच बरा.

प्रश्न : पिना-बुश नवे टाकले, खेळ शून्य आहे. तरी दार मागे ३ मिमी खालीच. आता?

आता जुळवणी. आधीच्या कुणीतरी झिजलेल्या बुशांना सांभाळून बिजागऱ्या हलवल्या असतील. बहुतेक गाड्यांत खांबाकडचे बोल्ट सैल केले की दार वर-खाली आणि पुढे-मागे जातं, तर दाराकडचे सैल केले की आत-बाहेर; काही गाड्यांत उलटं असतं. कुठल्या भोकाला कुठल्या दिशेची सूट आहे ते बोल्टच्या वॉशरखाली पाहूनच ठरवा.

बिजागरीच्या पात्याभोवती टोकदार खिळ्याने बारीक रेघ ओढा. फसलात तर परत यायला जागा राहते. एका वेळी एकाच बिजागरीचे बोल्ट सैल करा, तेही अर्धा-पाऊण फेराच. सगळे बोल्ट पूर्ण काढू नका. बऱ्याच गाड्यांत खांबाच्या आत सुटी नटपट्टी असते. शेवटचा बोल्ट निघाला की ती खांबात खाली पडते आणि मग आतलं अस्तर काढून लोहचुंबकाने शोधत बसावं लागतं.

मागची कड उचलायची म्हणजे वरची बिजागरी पुढे घ्यायची किंवा खालची मागे. जॅकवर हलका टेका द्या, वरच्या बिजागरीचे बोल्ट सैल करा, दार मागून उचलून धरा आणि आवळा. वरच्या हिशेबाने ३ मिमीसाठी बिजागरी जेमतेम १.२ मिमी सरकवायची आहे. म्हणून ढकलाढकली नको, बोटभर जोर पुरतो. वर सूट संपली असेल तर खालच्या पात्यामागे पत्री, म्हणजे पातळ पत्र्याचा तुकडा, घाला. १ मिमीची पत्री मागची कड अडीच मिमी उचलते. पण हे पातं खांबाच्या मागे बघणाऱ्या बाजूला बसलेलं असेल तरच. पातं खांबाच्या बाहेरच्या अंगावर असेल तर पत्रीने दार नुसतं बाहेर येईल. पत्री पोलादाची हवी. ॲल्युमिनियमची किंवा कापलेल्या डब्याची दबते.

क्रम असा ठेवा : आधी मागची उंची, मग पुढची-मागची फट, मग दार मडगार्डच्या पातळीत आहे का ते, आणि शेवटी स्ट्रायकर. ८ मिमीचे बोल्ट २० ते २५ न्यूटन-मीटरला आवळले जातात. गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर तो खरा. स्ट्रायकर आधी अर्धवट आवळा, दार हळू बंद करा आणि लॉक खुंटीवर येताना पाहा. दार वरही उचललं जाऊ नये, खालीही ओढलं जाऊ नये. खात्री करायची तर खुंटीला थोडं ग्रीस लावा, दार एकदा लावून उघडा आणि लॉकवर डाग कुठे पडला ते बघा. मधोमध हवा. लॉकला दोन टप्पे असतात, आणि दोन्ही टप्प्यांचा आवाज आला नाही तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

फळी किंवा पहार बिजागरीत अडकवून दार वर दाबायची एक जुनी युक्ती आहे. वेल्ड केलेल्या बिजागऱ्यांना जुळवणीची सूटच नसते, तिथे बिजागरी जरा वाकवणं हा कधीकधी एकमेव मार्ग असतो. पण बुश नवे असतील तरच, आणि अंदाज घेत, थोडं-थोडं. झिजलेल्या बुशवर ही युक्ती केली तर दार दोन आठवडे सरळ दिसतं आणि पुढे नवे बुश टाकल्यावर मागची कड वर जाऊन बसते.

प्रश्न : दार हलवलं की वरच्या बिजागरीमागचा पत्रा हलतो. बोल्टाशेजारी ४ सेंमीची भेग आहे. वरून पट्टी वेल्ड करू का?

पट्टी लावा, पण आधी भेग का पडली ते पाहा. डोअर चेक तुटलेला असेल तर दार वाऱ्याने सर्रकन उघडतं आणि मर्यादेपलीकडे जातं; सगळा हिसका वरच्या बिजागरीमागच्या पत्र्यावर बसतो. हा पत्रा १ मिमीच्या आसपास असतो. चेक दुरुस्त न करता पट्टी लावलीत, तर भेग पट्टीच्या कडेने पुन्हा सुरू होईल.

दार उतरवून काम करा. लोंबत्या दारासकट वेल्डिंग केलं तर खांब लटकलेल्या आकारातच पक्का होतो. बॅटरी सोडा, आतलं अस्तर आणि वायरी बाजूला करा, पाण्याची बादली आणि अग्निशामक हाताशी ठेवा. रंग खरवडून भेगेची खरी टोकं शोधा, ती दिसते त्याहून लांब असते. दोन्ही टोकांना ३ मिमीचं भोक पाडा म्हणजे ती पुढे पळत नाही, मग भेग वेल्ड करून घासा. पट्टी १.५ ते २ मिमीची, गोल कोपऱ्यांची आणि भेगेपलीकडे प्रत्येक बाजूला किमान ३ सेंमी जाणारी घ्या. तिच्यात ८ मिमीची भोकं पाडून त्या भोकांतून वेल्ड भरा. नुसत्या कडा वेल्ड केल्या तर ताण कडेवर एकवटतो. पट्टी पात्याखाली येत असेल तर तिच्या जाडीने दार सरकेल, हे आधीच हिशेबात धरा. शक्य असेल तर ती खांबाच्या आतून लावा. शेवटी जस्ताचा प्रायमर आणि पोकळीत मेण. वेल्डची मागची बाजू उघडी राहिली तर गंज तिथूनच येतो.

प्रश्न : दोन्ही बाजूंची दारं एकाच वेळी लटकली. बिजागऱ्यांत खेळ नाही, बोल्ट घट्ट आहेत.

दारं सोडा, उंबरा पाहा. दाराखालची पोकळ पेटी, म्हणजे सिल, आतून गंजली की गाडी मधोमध बसते आणि दारं बिचारी जागेवरच असतात, खांब सरकतात. वरच्या कोपऱ्यातली फट मोजा, जॅक लावायच्या जागी एक बाजू उचला आणि पुन्हा मोजा. स्पष्ट फरक पडला किंवा उचललेल्या गाडीचं दार अडलं, तर सांगाडा वाकतो आहे. ताडपत्रीच्या छपराच्या गाड्यांत हे जास्त, कारण तिथे वर धरून ठेवायला काही नाही. अशा गाडीचा उंबरा कापण्याआधी दाराच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी आडवा बार बांधून घ्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दारं जुळवण्याचं काम त्यानंतर.

प्रश्न : मागचं बाजूला उघडणारं दार, त्यावर जादा चाक. मोठे टायर घातल्यापासून दार खाली आलं.

चाक २५ किलोच्या आसपास असेल तर दाराइतकंच दुसरं वजन बिजागरीपासून लांब टांगलं आहे. पिना-बुश बदलाच, पण त्याआधी लॉकच्या बाजूचा आधार पाहा. अशा दारांना बहुधा रबरी किंवा नायलॉनचा पाचरीसारखा ठोकळा असतो; दार बंद असताना वजनाचा काही भाग तो घेतो. तो झिजला किंवा हरवला असेल, तर खड्ड्यातला प्रत्येक हिसका थेट पिनांवर जातो. ठोकळा नवा घाला आणि दार लागताना मागची कड १ मिमीभर उचलली जाईल इतपत पत्री घालून बसवा. दार उचलून धरणं हे इथेच योग्य, कारण ते काम त्या ठोकळ्याचंच आहे. दाराचा पत्रा चाकाच्या बैठकीभोवती तडकलेला असेल, तर चाक वेगळ्या चौकटीवर न्या.

प्रश्न : व्हॅनचं सरकतं दार मागच्या बाजूने खाली घासतं.

बिजागरी नाही, रोलर. मागचं वजन मधल्या रुळावरचा रोलर घेतो, पुढचं खालचा. मागे घासतं आहे तर मधला रोलर काढून पाहा. चपटा झाला असेल किंवा त्याच्या बेअरिंगमध्ये खेळ असेल तर बदला. रूळ रॉकेलने धुवा आणि कोरडं वंगण लावा. तिथे घट्ट ग्रीस भरू नका. ग्रीसमध्ये धूळ बसली की ती रोलरला कानसासारखी खाते.

प्रश्न : दार नीट जुळलं, पण आता दणकून लावावं लागतं आणि वाऱ्याचा आवाज येतो. स्ट्रायकर आत घेऊ?

घेऊ नका. आधी कागदाची पट्टी रबरावर ठेवून दार लावा आणि ओढा. चौफेर असं करा. जिथे ती फाटेपर्यंत निघत नाही तिथे रबर जास्त दाबलं जातं, जिथे सहज निघते तिथून वारा येतो. लटकलेल्या दाराने रबर वर्षानुवर्षं एका बाजूला चेपलेलं असतं, त्यामुळे दार सरळ झालं की जुनं रबर चुकतं. नवं रबर घातलंत तर सुरुवातीचे काही दिवस ते कडक लागेल. दार लावून ठेवा, ते बसतं. महिन्यानंतरही दणकावं लागत असेल तर रबराचा आकार चुकीचा आहे.

प्रश्न : बिजागऱ्यांना काय लावावं?

गंज सोडवणारा स्प्रे हे वंगण नव्हे. तो उडून जातो आणि जाताना जुनं ग्रीसही धुऊन नेतो. सहा महिन्यांतून एकदा पिनेच्या वरच्या टोकाला इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा, दार दहा वेळा उघडझाप करा, खाली ओघळलेलं पुसा. डोअर चेकच्या पट्ट्याला आणि लॉकच्या जबड्याला लिथियम ग्रीस. पुसताना कापडावर सोनेरी चुरा दिसला तर तो बुशचा आहे. नवे बुश मागवून ठेवा.